दोन एसयू कार्बोरेटर, एक ॲक्सिलरेटर: जुन्या अँबॅसेडरचे लिंकेज जुळवण्यासाठी मार्गदर्शन हवे आहे

बोरीकाठ, अमळनेर

सर्वांना नमस्कार.

आमच्या घरी १९७२ सालची अँबॅसेडर मार्क टू आहे. आजोबांनी ती कपाशीच्या हंगामात जिनिंगवर ये-जा करण्यासाठी घेतली होती आणि काही वर्षांनी मुंबईच्या एका मिस्त्रींकडून तिच्यावर एमजी मॅग्नेट या ब्रिटिश गाडीचे दोन कार्बोरेटरचे मॅनिफोल्ड (कार्बोरेटरपासून इंजिनच्या हेडपर्यंतची नळी) बसवून घेतले होते. जाणकारांना ठाऊक असेलच की मॅग्नेट झेडए आणि आपली अँबॅसेडर या दोन्ही गाड्यांत बीएमसीचे (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे) १४८९ सीसीचे बी-सिरीज इंजिन आहे, त्यामुळे ते मॅनिफोल्ड हेडवर काही कापाकापी न करता बसले. मॅग्नेटवर सव्वा इंची दोन एसयू (एका ब्रिटिश कंपनीचे कार्बोरेटर) असत. आमच्या गाडीवर आज सव्वा इंची एचएस-टू जातीचे दोन कार्बोरेटर आहेत. पुढचा अँबॅसेडरचाच आहे आणि मागचा आमच्या एका नातेवाइकांनी पुढे केव्हातरी इंग्लंडहून आणलेला आहे. दोघांना जोडणारी आडवी सळई आणि तिच्यावरचे आर्म इथल्याच एका टर्नरकडून घडवलेले आहेत.

गाडी बारा वर्षे शेडमध्ये उभी होती. गेल्या दिवाळीपासून मी ती पुन्हा रस्त्यावर आणण्याच्या खटपटीत आहे. पेट्रोलची टाकी आणि नळ्या साफ झाल्या आहेत, चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन जवळजवळ सारखे आहे, प्लग आणि पॉइंट नवे आहेत. तरीही तीन तक्रारी काही केल्या जात नाहीत. पहिली, पाय सोडल्यावर इंजिन कधी मिनिटाला ७०० फेऱ्यांवर येते, तर कधी १४०० वरच अडकून राहते. दुसरी, थांबलेल्या गाडीचा ॲक्सिलरेटर हळूच दाबला की इंजिन आधी हुंदका देते, मग झटका देऊन उचलते. तिसरी, धुळ्यापर्यंत जाऊन आल्यावर प्लग काढले, तर एक आणि दोन नंबरचे पांढरेफटक निघतात आणि तीन-चार नंबरचे काजळी धरलेले.

शहरातल्या एका गॅरेजमध्ये गाडी दोनदा दाखवली. दोन्ही वेळा त्यांनी पेडलपासून येणारी सळई कमी-जास्त करून स्लो (पाय सोडल्यावरचा इंजिनचा वेग) लावून दिला आणि दोन्ही वेळा चार दिवसांत तक्रार परत आली. आता हे काम स्वतःच शिकून करावे असे ठरवले आहे, म्हणून विचारतो की सुरुवात कुठून करावी. आधी पेट्रोल-हवेचे मिश्रण लावावे की आधी लिंकेज (पेडल आणि दोन कार्बोरेटर यांना जोडणाऱ्या सळया)?

भुसावळकर

भाऊ, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण उत्तर त्यातच आहे. लिंकेज सर्वांत शेवटी लावायचे असते. दोन कार्बोरेटरच्या गाडीत होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे दोघांना जोडणाऱ्या सळईने स्लो लावणे. तुमच्या गॅरेजवाल्यांनी नेमके तेच केले. ज्या क्षणी ती सळई एका थ्रॉटलला (हवेची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या चकतीला) किंचित उघडे धरते, त्या क्षणापासून त्या कार्बोरेटरच्या स्लो स्क्रूला अर्थ उरत नाही आणि पुढे तुम्ही जे जे फिरवाल ते फसवे ठरते.

तुमच्या प्लगनी मात्र पुष्कळ सांगितले आहे. बी-सिरीजच्या हेडला चार सिलिंडरसाठी आत घेण्याची दोनच तोंडे असतात. एक आणि दोन नंबर मिळून एक, तीन आणि चार मिळून दुसरे. म्हणजे पुढचा कार्बोरेटर पुढच्या जोडीचा आणि मागचा मागच्या जोडीचा. दोन बाजूंना जोडणारी मधली बॅलन्स नळी थोडीफार सांभाळून घेते, पण पुढची जोडी पांढरी आणि मागची काळी असेल, तर दोन कार्बोरेटर एकसारखे काम करत नाहीत, हे त्यावरून स्पष्ट होते. दोष इग्निशनचा असता, तर तो असा जोडीजोडीने विभागला गेला नसता.

म्हणून पहिले काम असे करा की आडव्या सळईवरच्या दोन्ही आर्मचे क्लॅम्प सैल करा, म्हणजे दोन्ही थ्रॉटल एकमेकांपासून आणि पेडलपासून पूर्ण मोकळे होतील. चोकची जोडणीही सैल करा आणि दोन्ही जेट (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळ्या) आपापल्या जागी वरपर्यंत बसतात ना, हे हाताने तपासा. त्याआधी टॅपेटची फट १५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), पॉइंट १४ ते १६ थाऊ आणि प्लग २५ थाऊ आहेत याची खात्री करून घ्या, कारण हे चुकलेले असताना कार्बोरेटर लावणे म्हणजे व्यर्थ शिणणे आहे.

मग दोन्ही डॅशपॉट (कार्बोरेटरवरची भांडी, ज्यांत पिस्टन वर-खाली होतो) उघडा. उघडण्यापूर्वी पुढच्या आणि मागच्या डॅशपॉटवर आणि पिस्टनवर वेगवेगळी खूण करा. डॅशपॉट आणि त्याचा पिस्टन कारखान्यात एकमेकांसाठी जुळवलेले असतात, त्यांची अदलाबदल कधीही करू नये. उघडल्यावर चार गोष्टी पाहा आणि इथे लिहा: पिस्टनखालून जेटमध्ये शिरणाऱ्या दोन्ही सुयांच्या मानेवर कोणती अक्षरे कोरलेली आहेत, दोन्ही स्प्रिंगांच्या टोकाला कोणता रंग आहे, सुई पिस्टनमध्ये घट्ट बसलेली आहे की स्प्रिंगवर किंचित डुलते, आणि कार्बोरेटर मॅनिफोल्डवरून उतरवल्यावर थ्रॉटलची चकती सपाट आहे की तिच्यावर एखादी छोटी झडप आहे.

आमच्या कारखान्यातले एक जुने फिटर नवीन पोरांना अहिराणीत सांगायचे, “पहिले आयक, मंग पाना उचल.” तुमच्या गाडीच्या बाबतीत आधी ऐकण्यासारखे खूप आहे, म्हणून घाई करू नका.

बोरीकाठ, अमळनेर

काका, तुमच्या सांगण्याप्रमाणे रविवारी सगळे उघडले आणि जे दिसले त्याने मी चकित झालो.

पुढच्या कार्बोरेटरची सुई घट्ट आहे आणि तिच्यावर एकच अक्षर आहे. मागची सुई बोटाने हलवली तर एका बाजूला झुकते आणि सोडली की परत येते. तिच्यावर तीन अक्षरे आहेत आणि पहिले अक्षर ए आहे. पुढच्या स्प्रिंगच्या टोकाला लाल रंग आहे, तर मागची निळी आहे. मागच्या थ्रॉटलच्या चकतीवर खरोखरच करंगळीच्या नखाएवढी एक झडप आहे, जिच्यामागे बारीक स्प्रिंग आहे. ती झडप पूर्ण बसत नाही. चकती बंद करून उजेडासमोर धरली, तर झडपेच्या कडेने चंद्रकोरीसारखी एक उजेडाची रेघ दिसते.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. मागचा थ्रॉटल स्पिंडल (चकती ज्यावर फिरते तो दांडा) बोटांत धरून वरखाली केला तर किंचित खुळखुळतो, पुढचा मात्र खुळखुळत नाही. आणि डॅशपॉटमध्ये तेल नव्हतेच. पुढचा कोरडा होता आणि मागच्यात तळाशी काळपट चिकट थर होता.

भुसावळकर

तुमच्या तिन्ही तक्रारींची कारणे तुम्हीच शोधून काढलीत, आता ती एकेक करून समजून घेऊ.

झडपेपासून सुरू करतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस धुराच्या नियमांसाठी एसयूच्या काही कार्बोरेटरच्या चकतीवर ही झडप आली. उतारावर पाय सोडलेला असताना मॅनिफोल्डमध्ये निर्वात फार वाढतो, तेव्हा ही झडप थोडे मिश्रण आत सोडते, जेणेकरून न जळलेले पेट्रोल धुरातून बाहेर पडू नये. स्प्रिंग थकली की ती स्लोवरसुद्धा कधी उघडी राहते, कधी बसते. तुमचे इंजिन कधी ७०० आणि कधी १४०० वर थांबते त्याचे मूळ इथे आहे. ती चकती काढून साधी चकती बसवा, किंवा झडप बंद करून तिच्यावर सोल्डरचा व्यवस्थित डाग द्या. चकतीचे दोन स्क्रू काढताना काळजी घ्या. त्यांची टोके चिरून पसरवलेली असतात, ती आधी पक्कडीने मिटवावी लागतात, नाहीतर स्पिंडलचे आटे जातात. परत बसवताना नवे स्क्रू घ्या, थ्रॉटल बंद धरून चकती भोकात आपोआप मध्यावर येऊ द्या, मगच स्क्रू आवळा आणि टोके पुन्हा पसरवा. हा स्क्रू सुटला तर थेट इंजिनच्या आत जातो, म्हणून टोके पसरवल्याशिवाय कार्बोरेटर परत चढवू नका.

आता सुई आणि स्प्रिंग. एसयूचे तत्त्व असे आहे की पिस्टन हवेच्या ओढीनुसार स्वतःच वर-खाली होतो आणि जेटवरचा निर्वात जवळजवळ सारखा राखतो. पिस्टन किती उचलला जाईल ते त्याच्या वजनावर आणि स्प्रिंगवर ठरते आणि त्या उंचीला किती पेट्रोल द्यायचे ते सुईच्या निमुळतेपणावर. निळी स्प्रिंग अडीच औंसांची आणि लाल साडेचार औंसांची असते. तेवढीच हवा असताना निळ्या स्प्रिंगचा पिस्टन जास्त वर जाईल आणि लालचा कमी. त्यात सुयाही वेगळ्या. तीन अक्षरांच्या, ए ने सुरू होणाऱ्या सुया या डुलणाऱ्या सुया असून त्या ०.०९० इंची जेटसाठीच आहेत. पण डुलणारी सुई जेटच्या एका बाजूला टेकून चालते आणि घट्ट सुई बरोबर मध्यातून. दोन्ही प्रकार आपापल्या जागी चांगले आहेत, पण एका मॅनिफोल्डवर एक असा आणि एक तसा असेल, तर स्लोवर जुळवलेले मिश्रण रस्त्यावर जुळलेले राहणार नाही. पांढरे आणि काळे प्लग ही त्याचीच खूण आहे.

माझे मत असे की मागच्या कार्बोरेटरची बॉडी तशीच ठेवा आणि आतले सगळे, म्हणजे डॅशपॉट, पिस्टन, सुई, स्प्रिंग, जेट आणि जेटचे बुश, जुन्या अँबॅसेडरच्या एचएस-टू मधून घ्या. जळगाव-धुळ्याच्या भंगारात तो अजून मिळतो. सुई पुढच्या सुईच्याच अक्षराची हवी, स्प्रिंग त्याच रंगाची हवी. एका कार्बोरेटरसाठी नेमलेली सुई दोनांना चालेल का, अशी शंका येईल. पिस्टनची उंची हवेच्या प्रमाणात ठरत असल्याने सुरुवात करायला ती चालते. वरच्या वेगात लीन (पेट्रोल कमी देणारी) वाटली तर दोन्हीकडे सारखीच, थोडी जास्त रिच (पेट्रोल जास्त देणारी) सुई पुढे बघता येईल.

घट्ट सुई बसवताना तिचा खांदा पिस्टनच्या तळाशी सपाट लागला पाहिजे. नंतर जेट मध्यावर आणा. त्यासाठी जेटचा लॉकनट सैल करा, जेट वर दाबून धरा, पिस्टन वरून अलगद खाली दाबा आणि त्याच स्थितीत नट आवळा. आता पिस्टन बोटाने उचलून सोडला की तो पुलावर (जेटभोवतीच्या सपाट उंचवट्यावर) स्वच्छ ‘टक’ असा आवाज करून बसला पाहिजे. आवाज दबका आला तर सुई जेटला घासते आहे, पुन्हा करा. मला हे एकदा अकरा वेळा करावे लागले होते आणि अकराव्यांदा तो आवाज ऐकताना जे समाधान वाटले ते अजून आठवते.

खुळखुळणाऱ्या स्पिंडलला पर्याय नाही, तिथे बुश बसवून घ्या. तिथून चोरटी हवा आत जात असेल तर स्लो कधीच स्थिर होणार नाही. आणि हुंदक्याचे कारण म्हणजे तेल नसलेले डॅशपॉट, त्यांत तेल भरा.

गिरणाकाठ, जळगाव

भुसावळकर काकांनी मूळ दोष नेमका पकडला आहे. मला फक्त आपल्या भागातल्या उन्हाविषयी आणि आजच्या पेट्रोलविषयी लिहायचे आहे, कारण पुस्तकातले आकडे इंग्लंडच्या हवेत लिहिलेले आहेत आणि आपली गाडी मे महिन्यात ४४-४५ अंशांत चालणार आहे.

बी-सिरीजमध्ये आत घेण्याचे आणि धूर सोडण्याचे मॅनिफोल्ड एकाच बाजूला असतात, म्हणजे कार्बोरेटर तापलेल्या एक्झॉस्टच्या अगदी वर बसलेले असतात. चालत्या गाडीत वारा सांभाळून घेतो, पण बाजारात दहा मिनिटे गाडी थांबवली की बॉनेटखालची उष्णता फ्लोटच्या वाटीतल्या पेट्रोलला लागते, पेट्रोल उकळून जेटवाटे मॅनिफोल्डमध्ये उतरते आणि मग गाडी सुरू होता होत नाही. मी स्वतः हे सोसले आहे. रावेरला केळीच्या व्यापाऱ्याकडे गेलो असता भर दुपारी गाडी अशी अडून बसली की शेवटी झाडाखाली बॉनेट उघडून अर्धा तास थांबावे लागले. उपाय असा की दोन्ही कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये बेकेलाइटचे सारख्या जाडीचे ठोकळे घाला आणि त्यांच्यामागे, एक्झॉस्टच्या वर, ॲल्युमिनियमच्या पत्र्याची एक आडोशाची ढाल लावा. ठोकळे सारख्या जाडीचे असणे महत्त्वाचे आहे, नाहीतर दोन स्पिंडलची रेषा बदलते आणि आडवी सळई अडकू लागते. पेट्रोलची नळीही एक्झॉस्टपासून लांब वळवून घ्या.

दुसरे, पंपावर मिळणारे पेट्रोल आता ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेले) आहे. शुद्ध पेट्रोलला जळण्यासाठी वजनाने साधारण चौदा-पंधरा पट हवा लागते, तर इथेनॉलला नऊच पट. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी ई-२० जास्त प्रमाणात द्यावे लागते. जुन्या काळी ज्या जागी मिश्रण बरोबर असे, त्याच जागी ते आता लीन निघते. तेव्हा जेटचा नट पूर्वीपेक्षा थोडा अधिक खाली आला तर घाबरू नका. जुन्या रबराच्या नळ्या, फ्लोटच्या वाटीखालचे रबरी बुश आणि डायफ्रॅम मात्र इथेनॉलने फुगतात किंवा चुरा होतात. ते सगळे इथेनॉल चालणाऱ्या रबराचे बसवा आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर वाट्या रिकाम्या करून ठेवा. बारा वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत हे आधी करावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण इथे फुटलेली नळी थेट तापलेल्या एक्झॉस्टवर गळते.

मिश्रण लावण्याची वेळही विचारपूर्वक निवडा. भर दुपारी लावलेले मिश्रण डिसेंबरच्या पहाटे लीन वाटेल, कारण थंड हवा दाट असते. मी सकाळी नऊच्या सुमारास, इंजिन पूर्ण तापवून लावतो आणि ते वर्षभर पुरते.

बोरीकाठ, अमळनेर

दोघांचेही मनापासून आभार. धुळ्याला जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानात अँबॅसेडरचा पूर्ण एचएस-टू मिळाला. त्यातली सुई योगायोगाने माझ्या पुढच्या सुईच्याच अक्षराची निघाली आणि स्प्रिंगही लाल. साधी चकतीही त्यातलीच वापरली. स्पिंडलला टर्नरकडून पितळी बुश बसवून घेतले. फ्लोटची उंची दोन्हीकडे १/८ इंची ड्रिलचा दांडा ठेवून लावली. डॅशपॉटमध्ये वीस ग्रेडचे इंजिन ऑइल भरले आहे. डँपर (डॅशपॉटच्या टोपीला जोडलेला, तेलात बुडणारा दांडा) खाली दाबताना टोपी बसायला पाव इंच उरले असताना विरोध लागतो. पिस्टन आता ‘टक’ म्हणतात, पुढचा दुसऱ्या प्रयत्नात आणि मागचा सहाव्या. रबराचे सगळे नवे घातले, ठोकळे आणि ढालही लावली.

आता लिंकेज अजून सुटेच आहे. इथून पुढे कसे जावे ते सविस्तर सांगावे, ही विनंती.

भुसावळकर

फार नीट काम केलेत. आता खरा आनंदाचा भाग आहे.

दोन्ही कार्बोरेटरचे स्लो स्क्रू पूर्ण मागे घ्या. थ्रॉटल पूर्ण बंद होऊ द्या. मग प्रत्येक स्क्रू आर्मला जेमतेम लागेपर्यंत आणा आणि तिथून दोघांनाही दीड-दीड फेरा आत द्या. जेटचे नट वर फिरवून जेट पुलाशी सपाट आणा आणि तिथून दोघांनाही बारा-बारा फ्लॅट, म्हणजे दोन पूर्ण फेरे, खाली घ्या. नटाला सहा बाजू असतात आणि एक बाजू म्हणजे एक फ्लॅट. इंजिन सुरू करा आणि पूर्ण तापू द्या. गरम झाल्यावर जे काही फिरवायचे ते तीनेक मिनिटांत फिरवा. त्यापुढे वेळ लागला तर अर्धा मिनिट २५०० फेऱ्यांवर चालवून मग पुन्हा सुरू करा, नाहीतर प्लगवर पेट्रोल साचते आणि कान फसतो.

पहिले हवा जुळवा. हवा मोजायचे मीटर असेल तर उत्तम, नसेल तर हातभर लांबीची रबरी नळी पुरते. एक टोक कानाला लावा आणि दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी, दोन्हीकडे नेमक्या त्याच जागी, त्याच कोनात धरा. हवेचा फुसकारा ऐकू येईल. ज्या बाजूचा आवाज मोठा त्याचा स्लो स्क्रू थोडा बाहेर, ज्याचा बारीक त्याचा थोडा आत, असे करत दोन्हीकडचा स्वर एक होईपर्यंत करा. पहिल्यांदा ऐकताना काही कळत नाही, पण पाच मिनिटांनी कानाला फरक आपोआप कळू लागतो. एकूण स्लो ७०० ते ८०० वर आणा.

मग मिश्रण. प्रत्येक कार्बोरेटरच्या बाजूला पिस्टन उचलायची छोटी पिन असते. ती केवळ १/३२ इंच, म्हणजे एक मिलिमीटरही नाही, इतकीच उचला. इंजिनचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर मिश्रण रिच, नट एक फ्लॅट वर. वेग लगेच पडला किंवा इंजिन बंद पडू लागले तर लीन, नट एक फ्लॅट खाली. वेग क्षणभर किंचित वाढून परत पूर्ववत झाला तर बरोबर. दोन्हीकडे हे करा, आणि एकाला हात लावला की दुसरा परत तपासा, कारण बॅलन्स नळीमुळे ते एकमेकांवर परिणाम करतात. मिश्रण बदलले की स्लो बदलतो, स्लो बदलला की नळीने हवा परत ऐकावी लागते. दोन-तीन फेऱ्यांत सगळे एका जागी येते. एक्झॉस्टमागे उभे राहूनही ऐका. लीन असेल तर आवाज अनियमित आणि थुंकल्यासारखा येतो, रिच असेल तर ठरावीक ठेक्यात ढेकर आणि काळा धूर.

आता लिंकेज. तुमच्या सळईवरचे आर्म आणि त्यांच्या पिना थ्रॉटलच्या फोर्कमध्ये जातात, असे मी गृहीत धरतो. या पिना मोकळ्या स्थितीत फोर्कला टेकलेल्या नसाव्यात, थोडी जागा उरली पाहिजे, आणि ती दोन्हीकडे काटेकोर सारखी असली पाहिजे. त्यासाठी आडव्या सळईच्या थांब्याखाली १२ थाऊचे फिलर गेज ठेवा. क्लॅम्प सैल असताना पुढचा आर्म अलगद खाली न्या, पिन फोर्कच्या खालच्या बोटाला टेकू द्या. टेकू द्या, दाबू नका. त्या स्थितीत क्लॅम्प आवळा. मागच्याचेही तसेच करा. मग गेज काढा. आता पाय सोडलेला असताना पिना मोकळ्या राहतील, स्लोची जबाबदारी पूर्णपणे स्क्रूंवर राहील आणि पेडल दाबले की दोन्ही पिना एकाच क्षणी फोर्कला लागून दोन्ही थ्रॉटल एकदमच हलतील.

क्लॅम्प आवळताना आर्म बारीक सरकतो. म्हणून आवळल्यावर इंजिन सुरू करून १५०० फेऱ्यांवर पुन्हा नळीने ऐका. स्लोला जुळलेले आणि १५०० ला न जुळलेले असेल, तर दोष फक्त आर्ममध्ये आहे, स्क्रू आणि नटांना हात लावू नका. सगळे जमल्यावर चोकची जोडणी करा, तीही अशी की खेचताना दोन्ही जेट एकाच वेळी खाली येऊ लागतील.

प्रत्येक थ्रॉटलला स्वतःची परतीची स्प्रिंग आहे ना, तेही पाहून घ्या. एकच स्प्रिंग दोघांना ओढत असेल, तर दूरचा थ्रॉटल कधी ना कधी अडकतोच.

लळिंग, धुळे

वरचे सर्व वाचून एकच गोष्ट जोडतो. पेडलपासून कार्बोरेटरपर्यंत येणारी सळई अँबॅसेडरच्या बॉडीवर आधारलेली असते आणि इंजिन रबरी माउंटिंगवर डुलते. माउंटिंग बसले असेल किंवा सळईचे गोल सांधे झिजले असतील, तर गिअर पकडून क्लच सोडताना इंजिन डुलते आणि सळई स्वतःहून थ्रॉटल ओढते किंवा सोडते. गाडी हिसके देते, आणि आपण कार्बोरेटरला दोष देत बसतो. सांधे बोटांत धरून हलवून पाहावेत आणि इंजिन माउंटिंग फाटलेले नाही ना, तेही पाहावे. शिवाय कुणाला तरी पेडल पूर्ण दाबायला सांगून कार्बोरेटरच्या तोंडातून आत बघावे. दोन्ही चकत्या पूर्ण आडव्या झाल्या पाहिजेत. पुष्कळ गाड्यांत पायाखालच्या जाड चटईमुळे पाऊण भागच थ्रॉटल उघडतो आणि मालकाला वर्षानुवर्षे कळत नाही.

बोरीकाठ, अमळनेर

काल सकाळी नऊ वाजता सुरुवात केली आणि दुपारी एकला संपवले. नळीने ऐकायला पहिला अर्धा तास गेला. घरातल्या सगळ्यांना आळीपाळीने नळी दिली, आणि आईने पहिल्याच वेळी सांगितले की मागचा जास्त फुसफुसतो. तिचे बरोबर होते. मिश्रण पुढे चौदा फ्लॅटवर आणि मागे पंधरावर बसले, म्हणजे गिरणाकाठ यांनी ई-२० विषयी लिहिले ते खरे ठरले. मागचा आर्म आवळताना दोनदा सरकला, तिसऱ्यांदा बसला.

आज पहाटे धुळ्यामार्गे लळिंगच्या घाटापर्यंत जाऊन आलो. हुंदका पूर्ण गेला. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबत नेला, तर इंजिन सलग, एका दमात उचलते. माझ्या आठवणीत ही गाडी अशी कधीच धावली नव्हती. पाय सोडल्यावर प्रत्येक वेळी ७५० वर येऊन थांबते. चार प्लग काढून ओळीने ठेवले, चारही फिकट तपकिरी आहेत, एक नंबर थोडासा फिका.

लळिंग यांनी लिहिल्याप्रमाणे चकत्या पाहिल्या, तर पेडल पूर्ण दाबूनही त्या पूर्ण आडव्या होत नव्हत्या. चटई नव्हे, सळईचा मधला सांधा झिजलेला होता. तो बदलणार आहे. काका, सांधा बदलल्यावर लिंकेज पुन्हा पहिल्यापासून लावावे लागेल का?

भुसावळकर

नाही. तो सांधा आडव्या सळईच्या अलीकडचा आहे, त्यामुळे दोन कार्बोरेटरचा मेळ बिघडत नाही. सांधा बदलल्यावर पेडलची सळई इतक्याच लांबीवर ठेवा की पाय सोडलेला असताना आडवी सळई आपल्या थांब्यावर टेकलेली राहील आणि पिना फोर्कमध्ये मोकळ्या असतील. तेवढे १२ थाऊच्या गेजने एकदा पाहून घ्या.

एक नंबरचा प्लग थोडा फिका आहे, त्यासाठी नट लगेच फिरवू नका. आधी मॅनिफोल्डच्या पुढच्या टोकाचा नट गरम इंजिनवर आवळून पाहा, नवी गॅस्केट पहिल्या दोनशे किलोमीटरमध्ये बसते आणि तिथून थोडी हवा जाते. क्लॅम्पचे चारही बोल्टही त्याच वेळी तपासा आणि कळवा.